पाच फूट साडेपाच

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणींना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. नमाजाला बसल्यावर कधी कधी ओठांपर्यंत यायचं — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून मोकळा व्हायचो. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला पौडच्या बाजारात भेटणार नाही, आणि भेटलात तरी ओळखणार नाही. बरं आहे ते.

गोष्ट तशी एवढीशीच. एका टेपची. कपडे शिवणाऱ्याच्या गळ्यात लोंबत असतो ना, तो मापाचा टेप. हसू आलं? येऊ द्या. माझंही बरीच वर्षं असंच चालायचं — एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं? म्हणून काही घेऊन बसलो नाही. शिवत बसलो.

सत्तरच्या सालांतली गोष्ट आहे. पौडच्या पेठेत आमचं शिलाईचं दुकान, अब्बांनी घातलेलं. एक कटिंगचं टेबल, दोन मशिनी, मागं चुना दिलेली भिंत. अब्बा गेले तेव्हा मला धड मिशी फुटली नव्हती, पण दुकानाबरोबर नावही माझ्याकडं आलं. अब्बा मास्तर, तसा मीपण मास्तर. चाळिशी उलटलेली माणसं मला 'काय मास्तर' म्हणून हाक मारायची आणि मला ते लई आवडायचं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात याचा मोठा हात आहे.

दुकानाबरोबर अब्बांचा टेपही आला. मेणकापडाचा, पिवळा पडलेला, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. तो गळ्यात घातला की मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

टेप कसा वापरायचा ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचा टेप साठ इंचांचा. म्हणजे पाच फूट. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. एका इंचात आठ सूत — चार सूत म्हणजे अर्धा, सहा सूत म्हणजे पाऊण. टोकाची पितळी पट्टी मापात धरायची; नवशिका कापडावर मोजताना ती सोडून देतो आणि सदरा आखूड होतो. छातीचं माप घेताना टेपाच्या आत एक बोट ठेवायचं, आणि गिऱ्हाइकाला काहीतरी विचारायचं — पोरं काय करतात, भात कसा आहे — कारण टेप अंगाला लागला की माणूस श्वास धरून उभा राहतो. बोलायला लागला की खरी छाती कळते. आकडा वाचताना डोळा आकड्यासमोर आणायचा. वरून तिरपं बघितलं की सूतभर फरक पडतोच. हे सगळं अब्बांनी मला शिकवलं, आणि चुकलं की फूटपट्टी बोटांवर पडायची.

एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली नाही. बहुतेक त्यांनाच ठाऊक नव्हती. टेप वाढतो. हो — कापडाचा टेप रोज ओढून, मुळशीच्या पावसाळ्यात ओला होऊन, पुन्हा वाळून, पुन्हा ओढून वाढतो. आकडे तेच राहतात, त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. पण शिंप्याला ते कधी कळत नाही. का? कारण अंग त्याच टेपानं मोजायचं आणि कापडही त्याच टेपानं. दोन्हीकडं सारखीच चूक. सदरा बरोब्बर बसतो, गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश. अख्खा जन्म त्या टेपावर निघाला असता आणि काही बिघडलं नसतं.

बिघडलं ते भरतीमुळं.

आमच्याकडं तेव्हा एक पद्धत होती. मिल्ट्रीची भरती पुण्यात निघाली की आसपासच्या वाड्यावस्त्यांची पोरं आधी आमच्या दुकानात यायची. टेप होता कोणाकडं? शाळेत एक मोडकी फूटपट्टी, बाकी आमच्याकडं. अब्बांच्या वेळेपासून हे चालत आलेलं. मास्तरनं छाती बघायची, उंची बघायची, आणि मास्तर 'जा' म्हणाला तर जायचं. भरती नेमकी आवणीच्या दिवसांत यायची, घरात एकेक हात मोलाचा. भात लावायचं सोडून पोरगं पुण्याला जाणार आणि दांडक्यानं रांगेतून बाहेर काढलं जाणार — हे कोणत्याच बापाला परवडायचं नाही. आदल्या साली एकाला तसं काढलं होतं तर वर्षभर पोरं त्याला 'टिंगू सुभेदार' म्हणत होती. तेव्हा मास्तरचं माप हाच शेवटचा शब्द. पोरांच्या तोंडी उंचीचा आकडा होता पाच फूट सहा.

आता टेप पाच फुटाचा आणि माणूस त्याच्याहून उंच, मग कसं मोजायचं? अनवाणी भिंतीला टेकवून उभा करायचा. टाचा भिंतीला. डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरायची आणि पट्टीखाली पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारायची. मग माणसाला बाजूला करायचं, जमिनीपासून साठ इंच मोजून खूण करायची, तिथून रेघेपर्यंत पुन्हा मोजायचं, आणि दोन्हीची बेरीज. आमच्या मागच्या भिंतीवर अशा कितीतरी रेघा होत्या.

दत्ता माझा दोस्त. घोटावड्याच्या वाटेवर एक वाडी आहे, तिथला. बाजारच्या दिवशी यायचा आणि दुपारभर माझ्या टेबलापाशी बसून असायचा. मी काज करायचो, तो बोलायचा. आमच्या बरोबरीचे बाकीचे एकेक करून निघून गेले होते — कोणी पुण्यात कारखान्यात, कोणी मिल्ट्रीत, कोणी मुंबईला. सुट्टीवर यायचे तेव्हा माझ्याकडून पँट आखूड करून घ्यायचे आणि मला तिकडच्या गोष्टी सांगायचे. मी कुठं जाणार? अम्मी होती, दुकान होतं, दोन बहिणी होत्या. राहिलो होतो मी आणि दत्ता.

दत्ताला मिल्ट्रीत जायचं होतं. साधंसुधं नाही — त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं. रोज पहाटे पिरंगुटच्या दिशेनं रस्त्यानं पळायचा. घरच्या म्हशीचं दूध त्यानं स्वतःसाठी बांधून घेतलं होतं, आई रागवायची. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, त्याला एवढं एकच साल दिलं होतं. यंदा झालं तर जा, नाही झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही, शेत बघायचं आणि लग्न करायचं. तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. दत्ता कबूल झाला होता.

भरतीच्या आधीच्या बाजारी तो सकाळीच आला. आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून. छाती बघितली — फुगवून पाहिजे त्याच्यापेक्षा जास्तच. मग चपला काढून भिंतीला उभा राहिला. मी पट्टी धरली, रेघ मारली, मोजलं.

पाच फूट साडेपाच. अर्धा इंच कमी.

"पुन्यांदा बघ," म्हणाला. मी पुन्हा बघितलं. तेवढंच. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी चिडलो. "आरं माप हाय का भाजी, घासाघीस करायला?" मी तिथं काही खोटं बोललो नाही. टेपावर जे दिसलं ते वाचलं. डोळा आकड्यासमोर आणून, अब्बांनी शिकवलं तसं. त्या वेळेपुरता मी निर्दोष होतो — असं मी कितीतरी वर्षं स्वतःला ऐकवलंय.

पण खरं सांगू? आकडा वाचला तेव्हा मला बरं वाटलं. आत कुठंतरी — थोडंसं. हा राहिला, असं वाटलं. तोंडावर मी वाईट वाटल्यासारखं केलं, त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं तो अर्धाच प्यायला, उठला आणि चपला तिथंच विसरून निघाला. कोपऱ्यापर्यंत अनवाणी गेला होता, मी हाक मारली तेव्हा परत आला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी माझं समोरच्या कापडवाल्या शेठशी भांडण झालं. शाळेच्या गणवेशाचं कापड मी त्याच्याकडून ठाण फोडून घ्यायचो आणि दुकानात आणून मोजलं की ते नेहमी कमी भरायचं. अब्बाही कुरकुरायचे — शेठ मापात मारतो. पण अब्बा गप्प बसायचे, मी कसला बसतोय! नवा मास्तर ना मी. भर पेठेत त्याच्या फळीवर कापड आपटलं आणि म्हणालो, "शेठ, मीटर तुमचा लहान हाय का दानत?"

शेठनं फळीखाली हात घातला. लोखंडी गज काढला, मीटरचा, टोकाला सरकारी शिक्का मारलेला. माझ्या गळ्यातला टेप स्वतःच्या हातानं ओढून घेतला आणि गजाच्या कडेनं सरळ लावला. गज संपला तिथं टेपावर शंभर यायला पाहिजे होते. नव्व्याण्णवसुद्धा आले नव्हते.

"मास्तर," शेठ म्हणाला, "टेप सैल पडलाय तुमचा. अब्बांच्या टायमाचा ना? आता आराम द्या त्याला." आणि हसला. कापड घ्यायला आलेल्या दोघी बायकाही हसल्या. मी म्हणालो, "शेठ, बाजारात बोलू नका." तो म्हणाला, "मी कशाला बोलतो, तुमची गिऱ्हाइकं ती माझी गिऱ्हाइकं." शेठनं शब्द पाळला. आजही वाटतं, त्यानं तो पाळला नसता तर?

त्याच्याकडूनच नवा टेप घेऊन आलो, दाराची एक फळी ओढून घेतली आणि दोन्ही टेप कटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जुन्याचे साठ इंच म्हणजे नव्याचे साठ आणि वर सहा सूत. पाऊण इंच! मग मी मागच्या भिंतीपाशी गेलो. दत्ताची रेघ तिथं होती, सगळ्यांत ताजी. नवा टेप लावला. साठ. तिथून पुढं सहा, आणि वर तीन सूत.

दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा पण मोजलं — माझ्याशी घासाघीस करणारं तिथं कोणी नव्हतं. पाच फूट, सहा इंच, तीन सूत. दत्ता बसत होता. तीन सूत वर शिल्लक ठेवून बसत होता.

बाकीच्या पोरांच्या रेघाही भिंतीवर होत्या, आधीच्या सालांच्या. त्यातल्या दोघा-तिघांनाही मी 'नको जाऊस' म्हटलं होतं. त्यांच्या रेघांना मी टेप लावला नाही. मुद्दाम लावला नाही.

भरती सोमवारी होती. अजून वेळ होता, भरपूर वेळ होता, हे लक्षात ठेवा. मी विसरू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि वाडीवर गेलो. सांगायलाच निघालो होतो, त्यात काही लबाडी नव्हती. वाटेत वाक्यं जुळवत होतो — 'टेपच खराब निघाला बघ, आपली काय चूक?' आवणी चालू होती. गुडघाभर चिखलात दत्ता, त्याची आई, तात्या, आणखी दोन माणसं. दत्तानं लांबूनच बघितलं आणि ओरडला, "ये मास्तर! उतर खाली, हितं लई टेप लागतोय!" सगळे हसले. मीपण हसलो.

तात्या हात धुऊन बांधावर आले. पान काढलं, मला दिलं. आणि म्हणाले, "बरं झालं मास्तर, तुमी खरं काय ते तोंडावर सांगितलंत. दुसऱ्यानं पोराचं मन राखलं आसतं. तुमच्या अब्बांचं बी आसंच हुतं. माप म्हंजे माप."

काय बोलणार? — असं विचारलं तर तुम्हाला वाटेल मी सबब काढतोय. बोलता येत होतं. एवढंच बोलायचं होतं: तात्या, टेप चुकीचा होता. चार शब्द. त्यात कठीण काय आहे? पण त्या चार शब्दांनंतर मी मास्तर राहिलो नसतो. म्हणजे मला तसं वाटलं. अब्बांचं नाव, दुकान, शेठच्या दारातल्या बायकांचं हसणं — सगळं एकदम डोक्यात आलं. आणि त्याच्याखाली ते दुसरं होतंच. हा जाईल. मग बाजारच्या दिवशी माझ्या टेबलापाशी कोण बसेल?

"तुमी इकडं कुटं?" तात्यांनी विचारलं.

"तुमचं बंडीचं माप घ्यायचं ऱ्हायलं हुतं," मी म्हणालो. त्यांनी बंडी सांगितलीच नव्हती. पण पान चघळत हात वर करून उभे राहिले बिचारे, आणि मी बांधावर पावसाच्या भुरभुरीत त्यांचं माप घेतलं. दत्ता चिखलातून वर आला. माझ्या हातात बघून म्हणाला, "नवा टेप?"

"व्हय. जुना फाटला."

एवढंच. जुना फाटला! मी सायकलवर बसलो आणि पौडला आलो. येताना रस्ता उताराचा आहे, पायडल मारावं लागत नाही.

सोमवार गेला. पुण्याच्या पहिल्या गाडीत त्या दिवशी चार-पाच पोरं चढताना मी दुकानातून बघितली. त्यातल्या दोघांना घेतलं असं नंतर कळलं. त्यातला एक तर दत्ताच्या कपाळाएवढा, म्हणजे पाच फूट सहा हा आकडाही नुसता पोरांच्या तोंडचाच — पण पोरं म्हणाली, त्यानं कोणाला विचारलंच नव्हतं, तसाच गेला होता.

त्या आठवड्यात मी मागच्या भिंतीला चुना दिला. सगळ्या रेघा गेल्या. अम्मी म्हणाली, "पागल झालास का? ऐन पावसात कोणी चुना देतं?" तिचं बरोबर होतं. चुना वाळला नाही, पुढं दोन महिने भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर पांढरं लागत होतं.

मग दिवस गेले, जातात तसे. दत्ताचं लग्न झालं; कपडे मीच शिवले, नव्या टेपानं. दोन पोरी झाल्या. बाजारच्या दिवशी तो यायचा, टेबलापाशी बसायचा, मला हवं होतं तसंच. पण बोलणं कमी झालं होतं त्याचं. एक वाक्य मात्र त्याला लागलं ते लागलंच — "आर्ध्या इंचानं राहिलो." चहाच्या टपरीवर, लग्नात, जत्रेत, नवीन माणूस भेटला की हे यायचंच. हसत सांगायचा. सांगताना अंगठा आणि बोट यांच्यात तेवढं अंतर धरून दाखवायचा. आणि मी जवळ असलो तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "हा साक्षीदार."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. हो. कितीदा तरी सांगता आलं असतं.

ऐंशीनंतर पिरंगुटच्या बाजूला कारखाने उभे राहायला लागले आणि दत्ताला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनची नोकरी लागली. खाकी ड्रेस कारखान्यानं शिवून घ्यायला सांगितला. कापड घेऊन माझ्याकडं आला आणि जरा लाजत म्हणाला, "मिल्ट्रीवाल्यांचा आस्तो ना, तसा कर. खांद्याला पट्टी लाव." मी लावली. दोन्ही खिशांना झाकणं लावली, इस्त्रीची धार अशी काढली की कोणीही बघत राहावं. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं. घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा त्यानं उजवा हात कपाळाला लावला, आणि मी बघतोय हे दिसल्यावर तोच हात केसांतून फिरवला.

इथंच थांबलो असतो तर बरं होतं. इथपर्यंत मी मापाबद्दल फक्त गप्प बसलो होतो. मला जे कबूल करायचंय ते यापुढं आहे.

एका साली दत्ता त्याच्या धाकट्या भावाला घेऊन आला. संपत. पोरगं शिडशिडीत, भरतीला जायचं होतं. मी म्हणालो, "आरं आता तितंच मोजत्यात, हितं कशाला?" दत्ता म्हणाला, "न्हाई. तू बघ. तू हो म्हनलास तरच पाटवणार."

संपतला उभा केला, पट्टी धरली, रेघ मारली, मोजलं. पाच फूट सात. दुसऱ्यांदा मोजून खात्री केली. "जा," म्हणालो. संपत तिथंच नाचायला लागला, दत्तानं त्याच्या पाठीत धपका घातला. तो इतका हसत होता, की मी त्याला तसा हसताना कैक वर्षांत बघितला नव्हता.

आणि मग त्यानं स्वतःच्या चपला काढल्या.

"माजं बी बघ रं पुन्यांदा," म्हणाला. "एवड्या वर्सांत वाढलो आसंल!" संपत हसला. दत्ता भिंतीला टाचा लावून उभा राहिला, खाकी ड्रेसमध्ये, नजर सरळ समोर, हनुवटी आत — कसं उभं राहायचं ते तो विसरला नव्हता. मी लाकडी पट्टी त्याच्या डोक्यावर धरली. कानाजवळ एक-दोन केस पांढरे झाले होते. पट्टीखाली रेघ मारली. तो बाजूला झाला, पण भिंतीकडं वळला नाही, भावाशी बोलत होता. मी खाली बसून टेप लावला. साठ. तिथून वर. सहा. आणि तीन सूत.

आता बघा. भरतीचं वय त्याचं कधीच निघून गेलं होतं. आता खरं सांगून कोणाचं काही जाणार नव्हतं, फक्त माझं गेलं असतं. टेप हातात खरा होता. आकडा समोर होता. आणि त्यानं विचारलं होतं — या वेळी त्यानं स्वतः, हसत का होईना, मला सरळ विचारलं होतं.

"किती?" दत्ता म्हणाला.

"साडेपाच," मी म्हणालो. "तेवडाच हायेस."

टेपानं चूक केली नव्हती. टेप बरोबर होता. हे मी बोललो, माझ्या तोंडानं. अंगठ्यानं ती पेन्सिलीची रेघ मी पुसली, सहज केल्यासारखी, आणि हाताला लागलेला चुना पँटला पुसला.

दत्ता चपला घालत भावाला म्हणाला, "बगितलंस? येवड्या वर्सांनी बी सूतभर हाललं न्हाई. मास्तरचं माप हाय ते." मग माझ्याकडं वळला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तवा तुजं आयकलं ते बरं केलं. रांगेतनं भाईर काडला आसता, तर संपतला आज पाटवायची छाती झाली नसती."

संपतला घेतलं. दत्तानं पेढे आणून दिले, मी खाल्ले.

तो अजून येतो बाजारच्या दिवशी. डोळ्यांनी जरा कमी दिसतं त्याला, मलाही सुईत दोरा ओवायला त्रास होतो, मग दोघं मिळून ओवतो. अब्बांचा टेप मशिनीच्या खणात आहे, फाटलेला नाही. दत्ताला अजून कोणी विचारलं तर तो अंगठा आणि बोट यांच्यात तेवढं अंतर धरून दाखवतो, आणि मी मान डोलावतो.

त्याची उंची पाच फूट, सहा इंच, तीन सूत आहे. हे फक्त मला माहीत आहे.